अंबाजोगाईच्या हेडमास्तरांनी थेट निजामाकडे लोकशाही मागितली होती

अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ डॉक्टर नव्हते. ते होते शाळेचे हेडमास्तर.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म 1903 चा. 1932 ला संन्यास घेतला, पण रमले शाळेत. आधी हिप्परगा, मग अंबाजोगाईची योगेश्वरी. तेव्हा बीड हैदराबाद संस्थानात होतं. साधी सभा घ्यायची तरी गश्ती निशाण 53 नुसार परवानगी लागायची.

1938 ला स्वामीजींनी शाळा सोडली आणि ते चळवळीत उतरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसची मागणी काय होती? निजामाला हटवा, अशी नाही. गादी त्याचीच राहू दे, फक्त सरकार लोकांना जबाबदार असावं. आज हे फारच मवाळ वाटतं. पण निजामाने संघटना उभी राहायच्या आधीच तिच्यावर बंदी घातली. स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

बंदी उठायला 1946 उजाडलं. पुढे मवाळपणा संपला आणि 1947 ला मागणी थेट भारतात विलीनीकरणाची झाली. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला आणि इकडे स्वामीजींना अटक झाली. पुढे रझाकारांनी गावंच्या गावं लुटली. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला, तेव्हाही स्वामीजी कैदेतच होते.

1952 ला हाच संन्यासी मतं मागून गुलबर्ग्यातून लोकसभेत गेला.