नेताजी पालकर : परतलेला घोडेस्वार

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पनवेल आणि खोपोलीच्या मध्ये चौक हे गाव लागते. शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे सरनोबत नेताजी पालकर यांचे हे जन्मगाव मानले जाते. लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि नेताजींचे स्वार आदिलशाही मुलखात खोलवर घुसले. पुढच्या वर्षी महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात अडकले, तेव्हा बाहेरून तो वेढा फोडण्याची खटपट नेताजींनी केली. त्या घोडदळात सरकारी घोड्यावर लढणारे बारगीर होते आणि स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार होते. दोघांचाही जीव घोड्यावर अवलंबून असे.

जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून त्यांचे पद गेले. ते आधी विजापूरकरांकडे आणि मग मिर्झाराजे जयसिंगांमार्फत मोगलांकडे गेले. त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजींना कैद करवले. उत्तरेत नेऊन त्यांचे धर्मांतर करण्यात आले, मुहम्मद कुलीखान असे नाव देण्यात आले आणि काबूलकडच्या मोहिमेवर पाठवण्यात आले. वाटेत पळून जाण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. सुमारे नऊ वर्षांनी दिलेरखानाबरोबर ते दख्खनेत आले आणि संधी साधून महाराजांकडे परतले. १९ जून १६७६ रोजी विधिपूर्वक त्यांना स्वधर्मात घेण्यात आले.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या आजाराचे नाव चिकटवणे योग्य नाही. मात्र लढाई, कैद आणि घरापासूनची ताटातूट मनावर काय परिणाम करतात, हे आजचे वैद्यकशास्त्र ओळखते. काही जणांना आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी होतो. जुना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, झोप उडते, बारीक आवाजानेही दचकायला होते, राग अनावर होतो आणि माणूस घरच्यांपासून तुटत जातो. हा त्रास फक्त सैनिकांना होतो असे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. यंत्रे वर नेता येत नव्हती, त्यामुळे भर पावसात चढून जाऊन बचाव पथकांना हातांनी माती उपसावी लागली. असे काम करणारे जवान, अग्निशामक, पोलीस आणि स्वयंसेवक यांनाही या विकाराचा धोका असतो.

अशा रुग्णांसाठी काही देशांत घोड्यांची मदत घेतली जाते. बहुतेक वेळा यात घोड्यावर बसायचेही नसते. त्याला खरारा करायचा, लगाम धरून चालवायचे आणि त्याच्याजवळ शांत उभे राहायचे, एवढेच करायचे असते. सोबत मानसोपचारतज्ज्ञ आणि घोड्यांचा जाणकार असतो. शिकारी प्राण्यांपासून जपून राहणारा घोडा जात्याच सावध असतो. माणसाचे ताठरलेले खांदे, चढलेला श्वास, झटक्याच्या हालचाली त्याला जाणवतात आणि तो मागे सरतो. माणूस सैलावला की तो जवळ येतो. आपल्या शरीरात ताण कधी चढतो आणि तो कसा उतरवायचा, हे रुग्णाला त्यातून उमगते.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने ६३ माजी सैनिकांवर केलेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या अशा उपचारानंतर अनेकांची लक्षणे घटली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा पुरावा प्राथमिक मानावा लागतो. समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे हेच मुख्य उपचार आहेत. घोडा त्यांना जोड देतो. माथेरानला घोड्यावर रपेट मारली की आजार बरा होईल, असेही समजू नये.

नेताजींना परतल्यावर आपली माणसे मिळाली. आघातातून सावरताना घरच्यांचा आणि सहकाऱ्यांचा आधार फार मोलाचा असतो, हे आज अभ्यासांतूनही दिसते. घरातला जवान किंवा अग्निशामक कामावरून परतल्यावर गप्प गप्प राहू लागला, तर खोदून विचारू नये आणि टोमणेही मारू नयेत. त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकून घ्यावे. लक्षणे महिन्याहून जास्त टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.