उषा किरण : ‘पतिता’ची नायिका ते ‘चुपके चुपके’ची दीदी

‘चुपके चुपके’मधली शर्मिला टागोरची दीदी आठवते? ओम प्रकाशच्या शेजारी शांतपणे वावरणारी ती बाई वीस वर्षांपूर्वी हिंदीतली आघाडीची नायिका होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

उषा किरण म्हणजे मूळच्या उषा मराठे. जन्म वसईचा, 22 एप्रिल 1929. मो. ग. रांगणेकरांच्या ‘आशीर्वाद’ नाटकातून त्या रंगभूमीवर आल्या. उदय शंकर यांच्या ‘कल्पना’मधून (1948) पडद्यावर आल्या. 1953 च्या ‘पतिता’मध्ये त्या देव आनंदच्या नायिका होत्या. लग्नाआधीच आई झालेली मुलगी, आणि तिला मुलासकट स्वीकारणारा नायक! त्या काळात अशी भूमिका घेणं धाडसाचंच होतं. पुढच्या वर्षीच्या ‘बादबान’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. सहाय्यक अभिनेत्रीचा तो पहिलाच फिल्मफेअर पुरस्कार. मराठीत ‘शिकलेली बायको’, ‘कन्यादान’ हे चित्रपट गाजले.

लग्न झालं डॉ. मनोहर खेर यांच्याशी. खेर पुढे मुंबईच्या सायन रुग्णालयाचे अधिष्ठाता झाले. दोन मुलं झाली आणि साठच्या दशकात उषाताईंनी नायिकेच्या शर्यतीतून हळूहळू पाय मागे घेतला. मागणी संपलेली नट्या घरी बसतात, असं सर्रास बोललं जातं. इथे ते लागू पडत नाही. 1961 च्या ‘काबुलीवाला’पर्यंत त्या काम करतच होत्या.

सत्तरच्या दशकात परतल्या त्या अगदी मोजक्या कामासाठी. ‘बावर्ची’ (1972), ‘मिली’ आणि ‘चुपके चुपके’ (दोन्ही 1975) हे तिन्ही चित्रपट हृषीकेश मुखर्जींचे. त्यांच्या पहिल्या ‘मुसाफिर’मध्येही (1957) दिलीप कुमारसोबत त्याच होत्या. या वेळी भूमिका मात्र काकू, आई, बहीण अशा. पन्नाशीच्या दशकातल्या नायिकेला हे पचवणं सोपं नसतं, पण त्यांच्या कामात कुठे खंत दिसत नाही.

‘उषःकाल’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं. 1996-97 मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ होत्या. हे पद मानाचं, अधिकार जवळपास शून्य. 9 मार्च 2000 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

त्यांची मुलगी म्हणजे तन्वी आझमी. ज्या वसई मोहिमेसाठी अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे खेटे घातले आणि जी चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये फत्ते केली, त्या चिमाजींच्या आईची, राधाबाईंची भूमिका तन्वीने ‘बाजीराव मस्तानी’त केली. तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहाय्यक अभिनेत्रीचाच.