महाद्वारीचे गाऱ्हाणे : श्रीसंत चोखामेळा

पंढरीचा विठोबा आपणां हुबळी-धारवाडकरांस दोन्ही भाषांतून भेटतो. मराठी संतांनी त्यास कानडा म्हटले, तर पुरंदरदासांनी आपल्या कानडी पदांस 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा दिली. या विठोबापुढे दुःख कसे मांडावे, हे ज्यांनी शिकविले त्यांत श्रीचोखोबांचे स्थान फार वरचे आहे.

चौदाव्या शतकात चोखोबा मंगळवेढ्यास राहत. ते महार कुळातले. गावची मेलेली गुरे ओढावी, वेठ करावी, हेच त्यांच्या वाट्यास आले. नामदेव महाराज त्यांचे गुरू. पंढरीस गेले तरी महाद्वाराच्या आत त्यांस पाऊल टाकता येत नसे. देव आत आणि भक्त बाहेर!

हे दुःख चोखोबांनी मुकाट्याने गिळले नाही. देवाकडे पाठही फिरविली नाही. तूच घडविलेल्या देहास विटाळ कसला, असा जाब त्यांनी अभंगांतून देवासच विचारिला. पत्नी सोयराबाईंनीही हाच प्रश्न केला. पुत्र कर्ममेळा यांची वाणी तर पित्याहूनही प्रखर होती. देवाशी भांडणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असे पुष्कळांस वाटते. परंतु जेथे आपला हक्क वाटतो तेथेच मनुष्य गाऱ्हाणे नेतो. लेकरू रुसते ते आईवरच. चोखोबांचा आक्रोश हीच त्यांची प्रार्थना होती.

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा त्याखाली दडपले गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी खूण नामदेवांस पटली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या अस्थींची समाधी महाद्वारासमोरच झाली. जन्मभर जेथे उभे राहिले, तेथेच ते विसावले.

देवाने ते गाऱ्हाणे तेव्हाच ऐकले असेल. माणसांस मात्र सहाशे वर्षे लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरी उपोषण आरंभिले, आणि त्यानंतर ते दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडले.

आपणही आपले दुःख निःसंकोचपणे देवापुढे ठेवावे. रडू आले तर रडावे, रुसावेसे वाटले तर रुसावे. मात्र गाभाऱ्याकडे हात जोडताना एकवार मागे वळून पाहावे. आपल्या दाराबाहेर कोणी चोखोबा तिष्ठत तर नाही ना?