तांबूस शिंगरू आणि विल्यम बेटसन

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न वारंवार येतो. बाळाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असल्याचे निदान झाले की आई-वडील विचारतात, आमच्या दोघांच्याही घरात हा आजार कुणालाच नाही, मग बाळाला आला कुठून? या प्रश्नामागे अनेकदा संशय दडलेला असतो, आणि बोट बहुधा सुनेकडेच वळते. याचे उत्तर जगाच्या गळी उतरवण्यात ज्याने आयुष्य वेचले, तो माणूस म्हणजे विल्यम बेटसन.

बेटसनचा जन्म 1861 मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी येथे झाला. वडील केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख होते. शाळेत मात्र हा मुलगा ध्येयहीन, भरकटलेला म्हणून ओळखला जाई. पुढे केंब्रिजला प्राणिशास्त्रात तो चमकला. 1900 मध्ये ग्रेगोर मेंडेलचे 1866 मध्ये छापलेले, विस्मृतीत गेलेले वाटाण्यांवरील संशोधन पुन्हा उजेडात आले, तेव्हा बेटसनने ते उचलून धरले. आनुवंशशास्त्राला 'जेनेटिक्स' हे नावही त्यानेच दिले.

विरोधकांमध्ये सर्वांत कडवा होता वेल्डन, एके काळचा त्याचा जवळचा मित्र. मेंडेलचे नियम सरसकट लागू पडतात, हे वेल्डनला मान्य नव्हते. 1905 च्या अखेरीस बेटसनचा सहकारी हर्स्ट याने रॉयल सोसायटीपुढे शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीची नोंदपुस्तके मांडली. तांबूस अंग आणि तांबूसच आयाळ असलेला घोडा म्हणजे 'चेस्टनट'. तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपूट असलेला तो 'बे'. हर्स्टला दिसले की, नर-मादी दोघेही चेस्टनट असतील तर शिंगरू चेस्टनटच होते. दोन बे घोड्यांना मात्र कधी कधी चेस्टनट शिंगरू होते. म्हणजे तांबूस रंगाचा गुण बे घोड्यात लपून राहू शकतो, आणि दोन्हीकडून आला तरच दिसतो.

वेल्डनने त्याच पुस्तकांतून अपवाद शोधायला सुरुवात केली. अपवाद होते, पण मोजके. हर्स्टच्या मते त्या नोंदीतल्या चुका होत्या. वाद मिटण्याआधीच, एप्रिल 1906 मध्ये, वेल्डन न्यूमोनियाने गेला. 1996 मध्ये चेस्टनट रंगामागचा जनुकीय बदल सापडला. 'एमसी1आर' या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की केसांत काळे रंगद्रव्य तयार होत नाही. माणसातील लाल केसांमागेही बहुतेक वेळा हेच जनुक असते.

डॉक्टरांसाठी बेटसनचे मोठे काम वेगळेच आहे. लंडनचे डॉक्टर गॅरोड हे अल्काप्टोन्युरियाचे रुग्ण तपासत होते. या आजारात लघवी हवेत राहिली की काळी पडते. अशा मुलांचे आई-वडील पुष्कळदा सख्खे चुलत-मावस नात्यातले असतात, हे गॅरोड यांनी नोंदवले. हा लपलेला गुण दोन्हीकडून एकत्र आल्याचा परिणाम असावा, हे बेटसनने ओळखले. 1902 मध्ये गॅरोड यांनी ते प्रसिद्ध केले. मेंडेलचा नियम मानवी आजाराला प्रथम लागला तो इथे.

बेटसनच्या घरी मात्र दुःख आले. थोरला मुलगा 1918 मध्ये युद्धात मारला गेला. मधल्याने 1922 मध्ये आत्महत्या केली. मेंडेलच्या नावावरून ज्याचे नाव ठेवले होते, तो धाकटा ग्रेगरी पुढे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ झाला. स्वतः बेटसनही चुकला. वंशगुण गुणसूत्रांवर असतात, हे मानायला त्याने बरीच वर्षे घेतली. 1926 मध्ये तो वारला.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची प्रथा आजही काही कुटुंबांत आहे. नात्यात एकच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. दोष आईचा नाही, बापाचाही नाही. दोन बे घोड्यांच्या पोटी तांबूस शिंगरू यावे, तसे हे आहे. लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, दोघांनी रक्ततपासणी करून घ्यावी. ती फक्त बायकोची करून भागत नाही.