डॉ. पॉल ब्रँड : वाकडी बोटे सरळ करणारा ख्रिस्तसेवक

प्लास्टिक सर्जरी म्हटले की आमच्या मंठाळ-बसवकल्याणकडील मंडळींच्या डोळ्यांपुढे सिनेमातील नटीचे नाक उभे राहते. श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. वास्तविक या नावाचा प्लास्टिक या पदार्थाशी संबंध नाही. आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आले आहे. तिच्या शाखा दोन. धडधाकट अवयव अधिक देखणा करणे ही एक. आणि रोगाने, भाजल्याने, अपघाताने किंवा जन्मतः बिघडलेला अवयव पुन्हा घडविणे ही दुसरी. या दुसऱ्या शाखेत ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्या डॉ. पॉल ब्रँड यांची ओळख आम्ही वाचकांस, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांस, करून देत आहोत.

पॉल यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी झाला व बालपण तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात गेले. वडील जेसी व आई एव्हलिन हे बाप्टिस्ट मिशनरी. डोंगरात डॉक्टर नव्हता, म्हणून वडीलच फोडे कापीत, दात काढीत. ते रक्त आणि पू पाहून लहानग्या पॉलला वैद्यकाची शिसारी बसली. नवव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. १९२९ मध्ये वडील तापाने वारले. पुन्हा भेट झालीच नाही. पुढे पॉल यांनी पाच वर्षे सुतारकाम व गवंडीकाम शिकण्यात घालविली. मिशनच्या कामासाठी थोडे वैद्यक शिकावे म्हणून गेले आणि तेथेच मन रमले. लंडनमध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, ते सर्जन झाले. सहाध्यायिनी मार्गारेट यांच्याशी त्यांनी १९४३ मध्ये विवाह केला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

१९४७ मध्ये ते चिंगलपेटचे कुष्ठधाम पाहावयास गेले. कुष्ठरोगाचे तज्ज्ञ डॉ. कॉक्रेन त्यांना हिंडवीत होते. ब्रँड यांची नजर खिळली ती बोटे पंज्यासारखी आत वळलेल्या हातांवर. अशा एका हातात त्यांनी आपला हात दिला आणि पकडावयास सांगितले. तो मनुष्य असा काही आवळू लागला की ब्रँड कळवळले! पण त्या वेदनेने त्यांना मोठी गोष्ट शिकविली. हात वाकडा होता, तरी त्याचे सगळे स्नायू मेलेले नव्हते.

शोधाअंती उलगडा झाला. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर ठराविक जागी, कोपरापाशी व मनगटापाशी, घाव घालतात. त्यामुळे पंजातील लहान स्नायू लुळे पडतात. दंडाखालचे मोठे स्नायू मात्र पुष्कळदा शाबूत राहतात. मग त्या शाबूत स्नायूची कंडरा सोडवून, कातडीखालून नेऊन बोटाला जोडली तर? ब्रँड यांनी तेच केले. रोगी पुन्हा बोटे उघडू लागला, पेन धरू लागला, हाताने भात कालवून खाऊ लागला.

मांस आपोआप सडून बोटे झडतात, हा समजही त्यांनी खोडून काढला. वेदना कळत नाही म्हणून रोगी तापलेले भांडे तसेच धरतो, पायात खिळा रुतला तरी चालत राहतो. काहींची बोटे रात्रीतून आखूड होत, तेव्हा पहारा ठेवला. पाहतात तो उंदीर बोटे कुरतडताहेत आणि रोगी स्वस्थ झोपलेला! तेव्हापासून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याचा प्रघात पडला.

यानंतरचा प्रसंग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बरे होऊन, हात सुधारून गेलेले काही रोगी खिन्न होऊन परतले. हात चांगले, म्हणून भीक मिळेना. आणि तोंडावर रोगाच्या खुणा, म्हणून कोणी काम देईना. भुवया झडलेल्या, नाक बसलेले. डॉक्टरांनी आपली भाकर हिरावली, अशी त्यांची तक्रार होती. भुवया नसल्या म्हणून काय अडते, असे आपण म्हणू. अडत होते ते पोट!

मग ब्रँड चेहऱ्याकडे वळले. डोक्यावरील केसाळ कातडीचा पट्टा त्याच्या रक्तवाहिनीसह सोडवून, कपाळाच्या कातडीखालून भुवईच्या जागी आणीत. हे केस डोक्यावरच्यासारखेच वाढत, वरचेवर कापावे लागत. काही रोगी मात्र कौतुकाने ते वाढवीत. कुष्ठरोगात नाकाचे आतले अस्तर आक्रसते व नाक खाली बसते. तेव्हा आतून मोकळे करून नवे अस्तर लावीत. मार्गारेटबाई नेत्रतज्ज्ञ होत्या. पापण्या न मिटणाऱ्या रोग्याच्या कानशिलाचा, घास चावताना हालणारा स्नायू पापणीस जोडीत. मग त्याने दात आवळले की डोळा मिटे. डोळ्यांसाठी दिवसभर चघळत राहण्याची सवय त्याला लावावी लागे. नटीच्या नाकाला आणि या नाकाला एकाच नावाची शस्त्रक्रिया म्हणतात खरी, पण एकीने हौस पुरते आणि दुसरीने मनुष्य गावात परततो.

आणि ही विद्या काही केवळ विलायतेची नव्हे. टिपूशी झालेल्या लढाईत, १७९२ मध्ये, कावसजी नावाच्या इंग्रजी फौजेतील गाडीवानाचे नाक कापले गेले. पुण्याच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या मनुष्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिगत छापून आली आणि ती वाचून १८१४ मध्ये तेथील सर्जन कार्प्यू यांनी तशी शस्त्रक्रिया केली.

ब्रँड यांनी कॉलेजच्या आवारात झोपड्यांची एक वसाहत उभारली. तेथे रोग्यांना सुधारलेल्या हातांनी सुतारकाम शिकवीत; तरुणपणीची पाच वर्षे अशी कामी आली. एकदा इंग्लंडमध्ये प्रवासाहून थकून आले असता त्यांना टाचेत संवेदना जाणवेना. टाचणी टोचली, कळले नाही. आपल्यालाही रोग जडला, या धास्तीत रात्र काढली. सकाळी पुन्हा टोचली तो कळ मस्तकात गेली! त्या कळेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले.

१९६६ मध्ये ते अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की मधुमेह्यांच्या बधिर पायांनाही अशाच जखमा होतात. तेव्हा योग्य पादत्राणे व पायांची रोजची तपासणी यांवर त्यांनी भर दिला. इकडे त्यांच्या मातोश्री एव्हलिनबाई म्हातारपणीही डोंगरांतून घोड्यावरून फिरत सेवा करीत राहिल्या आणि १९७४ मध्ये ९५ व्या वर्षी वारल्या. डॉ. ब्रँड ८ जुलै २००३ रोजी अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाले.