एडवर्ड हॅमिल्टन एटकिन

एडवर्ड हॅमिल्टन एटकिन (१६ ऑगस्ट १८५१, सातारा – एप्रिल १९०९, एडिनबर्ग) हे इंग्रजी लेखक, निसर्गअभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. ते ई.एच.ए. या आद्याक्षरांनी लेखन करीत. मुंबई इलाख्यातील वनस्पती आणि त्यांवर जगणारे कीटक यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासात त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे.

जीवन

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. त्यानंतर तीन वर्षांनी एटकिन यांचा जन्म सातारा येथे झाला. त्यांचे वडील जेम्स एटकिन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक होते. एटकिन यांचे शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवल्यानंतर १८७० ते १८७६ या काळात त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिनचे अध्यापन केले.

१८७६ मध्ये ते जकात व मीठ खात्यात रुजू झाले. नोकरीनिमित्त त्यांनी खाराघोडा, उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द, कारवार आणि मुंबई येथे काम केले. खाडीकाठची मिठागरे आणि जंगलातील नाकी तपासताना होणारी भटकंती हीच त्यांची प्रयोगशाळा ठरली. जीवशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

संस्थाकार्य

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. एटकिन हे संस्थेचे पहिले मानद चिटणीस झाले.

झाडे आणि कीटक

त्या काळी कीटकशास्त्र मुख्यतः संग्रहालयातील टाचलेल्या नमुन्यांवर चालत असे. पंखांच्या रंगावरून जात ठरे. परंतु तो कीटक कोठे वाढतो, काय खातो, याची नोंद क्वचितच असे. एटकिन यांनी जिवंत कीटकाचा माग घेतला. उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथे सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि वनाधिकारी टी. आर. बेल यांच्या सोबतीने त्यांनी अंडी व सुरवंट गोळा केले. ज्या झाडावर ते सापडले त्याचीच ताजी पाने घालून त्यांना वाढवले आणि कोषातून फुलपाखरू बाहेर येईपर्यंतच्या नोंदी ठेवल्या. या तिघांची लेखमाला १८९६-९७ च्या सुमारास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या पद्धतीमुळे झाड हीच कीटकाच्या ओळखीची किल्ली ठरली. फुलपाखराची मादी पानाला पाय लावून त्याची चव पारखते आणि योग्य झाडावरच अंडी घालते. अनेक जातींचे सुरवंट ठरावीक झाडाखेरीज दुसरे पान खात नाहीत. ते उपाशी मरतात. पॅपिलिओ बुद्धा या हिरव्या पट्ट्याच्या फुलपाखराचे सुरवंट तिरफळावर वाढतात, तर ग्रेट ऑरेंज टिपचे वायवर्णावर. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉर्मन लिंबूवर्गीय झाडांवर अवलंबून असते. झाड तुटले की त्यावर जगणारी फुलपाखरेही त्या परिसरातून नाहीशी होतात.

एपफ्लाय या लहानशा फुलपाखराचे वर्णनही एटकिन यांनी केले. याचा सुरवंट पाने न खाता झाडावरील पिठ्या ढेकूण खातो, त्यामुळे तो झाडाला उपकारक ठरतो. याच्या कोषाचा आकार माकडाच्या तोंडासारखा दिसतो.

हिवतापाचा शोध

१९०२ मध्ये गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाचा जोर होता. त्याची कारणे व उपाय शोधण्याचे काम एटकिन यांच्याकडे सोपवण्यात आले. या पाहणीत त्यांना ॲनाफिलीस डासाची एक नवी जात आढळली. पुढे तिला ॲनाफिलीस एटकेनी असे नाव देण्यात आले.

लेखन

द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर (१८८३), बिहाइंड द बंगलो (१८८९), अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल (१८९४) आणि द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे (१९००) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. घरातील मुंग्या, बेडूक, कावळे यांचे मिस्किल पण अचूक निरीक्षण हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य आहे. मात्र बिहाइंड द बंगलो या पुस्तकात भारतीय नोकरांची जी चित्रे येतात, त्यांत राज्यकर्त्या वर्गाची वरचढ दृष्टी स्पष्ट दिसते. कीटकाला त्याच्या परिसरात जाणून घेणाऱ्या या लेखकाने माणसांना मात्र बहुधा बंगल्याच्या व्हरांड्यातूनच पाहिले.

अखेरचा काळ

कराची येथे जकात खात्याचे प्रमुख म्हणून काम केल्यावर त्यांनी सिंध प्रांताचे गॅझेटियर सिद्ध केले. ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते एडिनबर्ग येथे स्थायिक झाले. तेथेच १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. कोणत्या झाडावर कोणता सुरवंट वाढतो याच्या नोंदी सह्याद्रीतील फुलपाखरांच्या अभ्यासकांना आजही पायाभूत वाटतात.