देशमुखीचा मान

आमच्या वऱ्हाडात गावोगाव देशमुख भेटतात. पण हे मुळात आडनाव नव्हे, परगण्याचा वसूल पाहणाऱ्याचे पिढीजात वतन. पंजाबरावांचे घराणे मूळचे कदम. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली ते जन्मले, तेव्हा इंग्रजी अमलात देशमुखीचा अधिकार संपला होता. उरला होता पंगतीतला नि सोयरिकीतला मान. वडील शामरावांनी शेती गहाण टाकून मुलाला विलायतेला धाडले. परतल्यावर १९२७ साली त्यांनी अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह उभारला आणि त्याच वर्षी विमलाबाई वैद्यांशी आंतरजातीय विवाह केला. पुढची शिक्षणसंस्था, केंद्रातले कृषिमंत्रिपद सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र ते लग्नच अधिक धाडसाचे वाटते. देवळासाठी भांडणारा देशमुख भाऊबंदांनी एकवेळ खपवून घेतला असता. कुळी न पाहता सोयरीक करणारा नव्हे.